गुठळी विरघळते, हितसंबंध विरघळत नाहीत

हृदयविकार हा सुखवस्तू माणसांचा रोग, हा समज कष्टकऱ्यांत काम करणाऱ्यांच्याही मनातून अद्याप पुरता गेलेला नाही. खाऊनपिऊन सुस्तावलेला शेटजी छातीवर हात दाबून कोसळतो, हे चित्र नाटक-सिनेमांनी इतके ठसवले आहे की, हमाल किंवा ऊसतोडणी मजूर तशाच झटक्याने गेला, तर 'त्याचे आयुष्य सरले' एवढे म्हणून लोक मोकळे होतात. परिणामी आरोग्यविषयक मागण्यांच्या निवेदनात क्षय येतो, हिवताप येतो, बाळंतपण येते. हृदय येत नाही. ते क्षेत्र तज्ज्ञांकडे आणि काचेच्या इमारतींतल्या रुग्णालयांकडे जणू कायमचे सोपवून दिलेले आहे.

हे सोपवणे किती महागात पडते, ते २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' नावाच्या अभ्यासाने दाखवून दिले. बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. डेनिस झेवियर, डॉ. प्रेम पैस आणि त्यांचे सहकारी यांनी भारतातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या २०,४६८ हृदयरुग्णांची नोंद ठेवली आणि त्यांची आर्थिक स्थितीनुसार विभागणी केली. तीस दिवसांच्या आत श्रीमंतांपैकी ५.५ टक्के रुग्ण दगावले, गरिबांपैकी ८.२ टक्के. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन श्रीमंतांपैकी ६०.६ टक्क्यांना मिळाले, गरिबांपैकी ५२.३ टक्क्यांना. रक्तातील चरबी कमी करणाऱ्या गोळ्या ६१.२ टक्के श्रीमंतांना आणि अवघ्या ३६ टक्के गरिबांना मिळाल्या. अँजिओप्लास्टी १५.३ टक्क्यांची झाली आणि २ टक्क्यांची.

गरिबाचे शरीरच खंगलेले, तो तंबाखू खातो, तो उशिरा येतो, तेव्हा तो मरणारच, असा युक्तिवाद करणाऱ्यांची सोय या अभ्यासाने ठेवलेली नाही. रुग्णाची मूळ प्रकृती आणि त्याच्या अंगचे धोके जमेस धरूनही मृत्यूच्या प्रमाणातील ही तफावत टिकून राहिली. मिळालेल्या उपचारांतला फरक जमेस धरताच ती नाहीशी झाली. म्हणजे एकाच छताखाली, एकाच रोगासाठी दाखल झालेल्या दोन माणसांपैकी एकाच्या मरणाची शक्यता अधिक होती, कारण त्याला कमी औषध दिले गेले. वर्गव्यवस्था रुग्णालयाच्या दाराबाहेर थांबत नाही, हे समाजवाद्यांना कोणी सांगायला नको. पण ते इतक्या नेमक्या आकड्यांत क्वचितच मांडले गेले असेल.

या आकड्यांत जे औषध पुनःपुन्हा येते, त्याची जन्मकथा कार्यकर्त्यांनी माहीत करून घेण्याजोगी आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली की त्या भागातले स्नायू मरू लागतात. हे मरण एका क्षणाचे नसते, काही तासांचे असते. त्या तासांत गुठळी विरघळली तर स्नायू वाचतो आणि बहुधा माणूसही वाचतो. ही गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज हे द्रव्य १९३३ साली अमेरिकेत विल्यम टिलेट यांना आढळले, तेही घसा धरणाऱ्या एका जंतूमध्ये. ते हृदयविकारासाठी वापरून पाहण्याचे प्रयत्न १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले. १९५९ ते १९८८ या काळात अशा ३३ चाचण्या झाल्या. पुढे १९९२ साली जोसेफ लाऊ, थॉमस चामर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्व चाचण्यांचे आकडे वर्षानुक्रमाने एकत्र मांडले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघड झाली. १९७३ सालीच, आठ चाचण्या आणि २,४३२ रुग्ण एवढ्या पुराव्यावर, हे औषध प्राण वाचवते हे सिद्ध झालेले होते! त्यानंतरच्या २५ चाचण्यांत आणखी ३४,५४२ रुग्ण घेण्यात आले. निष्कर्ष जवळजवळ तसाच राहिला. आणि त्या पंधरा वर्षांत वैद्यकाची पाठ्यपुस्तके काय सांगत होती? बहुतेक पुस्तकांत या औषधाची शिफारस नव्हती. उलट लिडोकेन हे दुसरे एक औषध झटक्याच्या प्रत्येक रुग्णाला प्रतिबंधक म्हणून द्यावे, असे तज्ज्ञ आग्रहाने लिहीत होते; त्याने प्राण वाचल्याचा पुरावा मात्र कोणापाशी नव्हता.

हे मागाहून सुचलेले शहाणपण आहे, असा आक्षेप येईल आणि तो अर्धा खरा आहे. आकडे अशा रीतीने एकत्र मांडण्याची पद्धत १९७३ साली रुळलेली नव्हती. सुटे सुटे प्रयोग लहान होते, परस्परविरोधी भासत होते, आणि रक्तस्रावाची भीतीही खोटी नव्हती. पण उरलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मोठी, निर्णायक चाचणी करायला पैसा लागतो, शेकडो रुग्णालये लागतात. ज्या जुन्या औषधावर कोणाची मक्तेदारी नाही, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कोणत्या कंपनीने करावा? नफ्याच्या गणितात या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून तो प्रश्न विचारलाच गेला नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नापायी किती माणसे मेली याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

अखेर तो प्रश्न विचारला इटलीने. इटलीच्या कामगार चळवळीच्या आणि डाव्या पक्षांच्या दीर्घ रेट्यानंतर तेथील संसदेने १९७८ च्या डिसेंबरात ८३३ क्रमांकाचा कायदा करून सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापन केली होती. या सेवेतील रुग्णालयांत काम करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांची संघटना आणि मिलान येथील मारिओ नेग्री संशोधन संस्था यांनी मिळून 'जिस्सी' ही चाचणी उभी केली. मारिओ नेग्री ही संस्था आपल्या शोधांची पेटंटे घेत नाही, हा तिचा धोरणात्मक निर्णय आहे. चाचणीमागील प्रमुख माणसे होती फाउस्तो रोव्हेल्ली आणि जान्नी तोन्योनी. मोजक्या नामांकित रुग्णालयांत निवडक रुग्ण घेण्याची रूढ पद्धत त्यांनी बाजूला ठेवली आणि देशभरच्या १७६ हृदय-अतिदक्षता विभागांना, त्यांतल्या सामान्य गावांतल्या विभागांनाही, कामाला लावले. कोणत्या रुग्णाला इंजेक्शन द्यायचे आणि कोणाला नेहमीचेच उपचार द्यायचे, हे चिठ्ठीने ठरे. सतरा महिन्यांत ११,७१२ रुग्ण जमा झाले. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची एवढी मोठी चाचणी जगात तोवर कोणी केलेली नव्हती. ती ना हार्वर्डने केली, ना एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीने. सार्वजनिक सेवेतील पगारी डॉक्टरांनी रोजची पाळी सांभाळून ती केली.

निकाल १९८६ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. एकवीस दिवसांत नेहमीच्या उपचारांखालचे १३ टक्के रुग्ण दगावले, स्ट्रेप्टोकायनेज मिळालेले १०.७ टक्के. दर हजार रुग्णांमागे तेवीस माणसे वाचली. त्याहून बोलका तपशील वेळेचा होता. दुखणे सुरू झाल्यापासून तासाभरात ज्यांना इंजेक्शन मिळाले, त्यांच्यातील मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले. तीन ते सहा तासांच्या दरम्यान ज्यांना मिळाले, त्यांच्यात ही घट १७ टक्क्यांवर आली. सहा तासांनंतर ठोस लाभ दिसला नाही. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त घड्याळाचा.

दोन वर्षांनी, १९८८ साली, ब्रिटनमधील ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आयोजित केलेल्या 'आयसिस-२' या चाचणीने हे शिक्कामोर्तब केले. ४१७ रुग्णालयांतील १७,१८७ रुग्णांत स्ट्रेप्टोकायनेजच्या जोडीला साधी अ‍ॅस्पिरिनची गोळी तपासली गेली. दोन्हींपैकी काहीच न मिळालेले १३.२ टक्के रुग्ण पाच आठवड्यांत हृदय वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मेले. दोन्ही मिळालेले ८ टक्के. अ‍ॅस्पिरिनची गोळी चहाच्या कपाहून स्वस्त पडते. या चाचणीत एक गमतीचा प्रसंगही घडला. कोणत्या उपगटातील रुग्णांना लाभ अधिक आणि कोणत्या गटात कमी, ते वेगळे काढून दाखवा, असा आग्रह संपादकांनी धरला. तेव्हा संशोधकांनी रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणी करून दाखवली आणि मिथुन व तूळ या राशींच्या लोकांना अ‍ॅस्पिरिन मानवत नाही, असा 'निष्कर्ष' छापला! आकड्यांचे पुरेसे तुकडे केले की हवे ते सिद्ध करता येते, हा इशारा त्यात होता. औषधविक्रीच्या पत्रकांत असले तुकडे आजही जाड ठशात छापलेले आढळतात. तिथे फक्त राशींची नावे नसतात.

एवढ्यावर हा प्रश्न मिटायला हवा होता. पण १९८७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील जेनेन्टेक या कंपनीच्या टीपीए या नव्या औषधाला तेथील सरकारची परवानगी मिळाली. जैवतंत्रज्ञानाच्या नव्या युगाचे ते मानचिन्ह होते, शेअर बाजाराचे त्याकडे डोळे लागलेले होते. एका रुग्णामागे त्याची किंमत सुमारे २,२०० डॉलर. स्ट्रेप्टोकायनेज तिच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. इटालियन गटाच्या १९९० च्या दुसऱ्या चाचणीत आणि ऑक्सफर्डच्या १९९२ च्या चाचणीत दोन्ही औषधांखालील मृत्यूंत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. लागलीच टीका सुरू झाली की, औषध द्यायची पद्धत चुकली. मग १५ देशांतील ४१,०२१ रुग्णांची 'गस्टो' ही चाचणी झाली; तिचा खर्च देणाऱ्यांत जेनेन्टेक होती. १९९३ च्या तिच्या निकालात वेगाने दिलेल्या टीपीएखाली ६.३ टक्के आणि स्ट्रेप्टोकायनेजखाली ७.२ ते ७.४ टक्के मृत्यू आढळले. शंभरामागे एक माणूस अधिक वाचला. मेंदूतील रक्तस्राव मात्र टीपीएखाली किंचित अधिक झाला.

हा एक माणूस क्षुल्लक नाही, आणि नवे औषध निरुपयोगी होते असे म्हणणे हा विपर्यास ठरेल. प्रश्न प्रमाणाचा आहे. कोणतेच गुठळी-विरोधक औषध न मिळण्यात आणि स्वस्त औषध मिळण्यात जे अंतर होते, ते स्वस्त आणि महाग औषधांमधील अंतराच्या कितीतरी पट मोठे होते. ते मोठे अंतर मोजण्यासाठी जगाला पन्नास वर्षे लागली. हे लहान अंतर मोजण्यासाठी पाच वर्षांत तीन महाकाय चाचण्या उभ्या राहिल्या. यापेक्षा स्पष्ट शब्दांत बाजार आपली पसंती सांगू शकत नाही.

'खाजगी कंपन्या नसत्या तर संशोधन झालेच नसते', हे वाक्य ज्यांना पाठ आहे, त्यांनी अमेरिकेतील 'कास्ट' चाचणीही पाठ करावी. झटक्यानंतर हृदयाचे जादा ठोके पडतात आणि असे ठोके पडणारी माणसे अधिक मरतात. तेव्हा ठोके दाबणारी औषधे दिली तर माणसे वाचतील, असा सरळ तर्क होता. त्या तर्कावर फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधे १९८५-८६ च्या सुमारास बाजारात आली आणि भरपूर लिहून दिली जाऊ लागली. ती प्राण वाचवतात की नाही, हे तपासण्याचे काम अखेर तेथील सरकारी हृदय-संस्थेला लोकांच्या पैशाने करावे लागले. १९८९ साली चाचणीचा हा भाग घाईने थांबवण्यात आला. औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ मेले होते. नुसती पिठाची गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके दबले, माणसे गेली. ज्यांनी औषध विकले, त्यांनी ही चाचणी आपणहून कधी केली असती काय?

हृदय अकस्मात बंद पडण्याच्या बाबतीतही हेच दिसते. छाती दोन्ही हातांनी दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे बाल्टिमोर येथे कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली दाखवून दिले. या शोधात विकण्याजोगे काही नाही. दोन हात लागतात आणि थोडे शिक्षण. म्हणून तो पसरवण्याचे काम सरकारांवर आले. डेन्मार्कने २००५ पासून शाळांत आणि त्यानंतर वाहन परवाना घेणाऱ्यांना हे शिक्षण सक्तीचे केले. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही त्या देशात आहे, त्यामुळे परिणामही मोजता आला. २००१ साली अशा प्रसंगी जवळच्या माणसाने छाती दाबल्याचे प्रमाण २१.१ टक्के होते, २०१० साली ते ४४.९ टक्के झाले. तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण या काळात ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर गेले. त्याचे सर्व श्रेय एका सक्तीला देता येणार नाही. रुग्णवाहिका आणि रुग्णालये यांतही सुधारणा झाल्या. पण नोंदवही, शाळा, परवाना, रुग्णवाहिका या सर्वच गोष्टी सार्वजनिक आहेत, हे विसरता येत नाही.

आता भारताकडे वळावे. 'क्रिएट'च्या काळात भारतात गुठळी विरघळवण्यासाठी जे औषध दिले गेले, त्यात ९६.३ टक्के वेळा स्ट्रेप्टोकायनेजच होते. इटलीतल्या पगारी डॉक्टरांनी सिद्ध केलेले औषध भारतीय रुग्णाच्या उपयोगी पडले. ते देशात बनवण्याचे तंत्रही चंदीगडच्या सरकारी सूक्ष्मजीव-तंत्रज्ञान संस्थेने विकसित केले. ज्ञान होते, औषध होते, कारखाने होते. मग काय नव्हते? त्याच अभ्यासात उत्तर आहे. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत गेलेल्या वेळेचा मध्यांक ३६० मिनिटे होता. इटालियन चाचणीत ज्या सहा तासांनंतर लाभ मावळला, ते सहा तास निम्म्या भारतीय रुग्णांचे वाटेतच संपत होते.

या सहा तासांवर संशोधन कोण करणार? त्यावर पैसा लावणारा कोणी नाही. पैसा स्टेंटवर लागला. २०१७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधी लेप असलेल्या स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्यापूर्वी तोच औषधी स्टेंट रुग्णाला लाख-सव्वा लाखाला आणि त्याहूनही वर पडत असे. किमतीचे टप्पे तपासताना सर्वांत मोठा वाटा रुग्णालयांच्या खिशात जात असल्याचे प्राधिकरणाला आढळले. ही कारवाईही सरकारला आपणहून सुचलेली नव्हती, दिल्ली उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेचा रेटा त्यामागे होता.

झटक्याच्या रुग्णाला त्वरित अँजिओप्लास्टी इंजेक्शनपेक्षा सरस ठरते, हे मान्य केलेच पाहिजे. २००३ साली २३ चाचण्यांच्या एकत्रित आकड्यांत अँजिओप्लास्टीखाली ७ टक्के आणि इंजेक्शनखाली ९ टक्के मृत्यू आढळले. मात्र 'त्वरित' या शब्दावर सारे अवलंबून आहे. कॅथ लॅब तीन तासांच्या अंतरावरील जिल्ह्याच्या गावी असेल, तर आधी जवळच्या रुग्णालयात इंजेक्शन द्यावे आणि मग रुग्ण पुढे न्यावा, हाच शास्त्राचा सल्ला आहे. २०१३ च्या 'स्ट्रीम' चाचणीत, ज्यांना तासाभरात अँजिओप्लास्टी मिळणे शक्य नव्हते अशा लवकर आलेल्या रुग्णांत, ही जोड-पद्धत थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीची ठरली. हे भारतात करता येते हेही सिद्ध झालेले आहे. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांना जोडून, सरकारी रुग्णवाहिका आणि सरकारी विम्याच्या आधारे २,४२० रुग्णांवर हा प्रयोग झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. त्यात नवे औषध एकही नव्हते.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी योजना खाजगी रुग्णालयांना अँजिओप्लास्टीचे पैसे देते. जोतिरावांच्या नावाने चालणारी ही व्यवस्था रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावर जागी होते. त्याआधीचे तास कोणाच्याच हिशेबात नसतात, कारण त्या तासांचे बिल निघत नाही. जे पैसे बाहेरची शस्त्रक्रिया विकत घेण्यावर जातात, ते तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीचा डॉक्टर नेमण्यावर का जाऊ नयेत, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या वेळी विचारला जाताना ऐकू येत नाही.

तो कार्यकर्त्यांनी विचारावा. ग्रामीण रुग्णालयात ईसीजीचे यंत्र आहे काय, ते रात्री दोन वाजता चालवणारा माणूस आहे काय, आलेख वाचून इंजेक्शन देण्याचा अधिकार तेथील डॉक्टरला आहे की जिल्ह्याला फोन लावून त्याला वाट पाहावी लागते, गेल्या बारा महिन्यांत छातीच्या दुखण्याने किती रुग्ण आले, त्यांपैकी किती जणांना इंजेक्शन मिळाले, किती जणांना चिठ्ठी देऊन पुढे धाडण्यात आले आणि त्यांतले किती पोहोचले. एस.टी.चे वाहक, गिरणीतले व साखर कारखान्यातले कामगार, शाळांतली मुले यांना छाती दाबण्याचे शिक्षण देण्याची मागणी युनियनच्या निवेदनात वेतनवाढीच्या शेजारी बसू शकते. तिला मालकाचा विरोध होण्यासारखे कारणही फारसे नाही. स्टेंटच्या किमतीसाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. स्ट्रेप्टोकायनेजचा साठा किती आणि त्याची मुदत कधी संपते, हे औषधभांडाराच्या नोंदवहीत लिहिलेले असते, आणि ती नोंदवही पाहण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो.